शंभरावर आलं की सांगायचं

तिचा नवरा लिफ्ट दुरुस्त करतो आणि बोलायला बसला की थांबत नाही. कुठल्या इमारतीतल्या लिफ्टचा दोर झिजलाय, कुठल्या लिफ्टचं दार पाचव्या मजल्यावर रुसून बसतं, कुठली लिफ्ट पार म्हातारी झाली तरी मालक बदलायचं नाव घेत नाहीत, हे सगळं जेवता जेवता तिला रोज ऐकावं लागतं. शहरातल्या यच्चयावत लिफ्टांची दुखणी याला तोंडपाठ. स्वतःचं दुखणं मात्र याच्या तोंडून कधी बाहेर पडलेलं नाही. "कसं वाटतंय?" म्हटलं की "उत्तम." ताप एकशे दोन असला तरी उत्तम. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. याच्या तर दोन्ही मुठी झाकलेल्या, आणि वर हातमोजे.

गेल्या वर्षी या उत्तमपणाने कहर केला. सोमवारी पोटात दुखायला लागलं. मंगळवारी हा हत्यारांची पिशवी खांद्याला अडकवून चौदा मजले चढून गेला, कारण लिफ्ट बंद असली की लिफ्टवाल्यालाही जिन्यानेच जावं लागतं. बुधवारी दुपारी सहाव्या आणि सातव्या मजल्याच्या मध्ये, लिफ्टच्या टपावर, तो कोसळला. अपेंडिक्स फुटलं होतं.

ती चष्म्याच्या दुकानात काम करते. मागच्या खोलीत बसून भिंगं घासायची, कापायची, फ्रेममध्ये बसवायची. फोन आला तेव्हा एका आजोबांचं भिंग अर्धं घासून झालं होतं. ते तसंच टाकून ती हॉस्पिटलात पळाली. सर्जनने विचारलं, "कधीपासून दुखतंय यांना?" ती ठासून म्हणाली, "आजच. सकाळी अगदी ठणठणीत होते." तेव्हा स्ट्रेचरवर पडलेल्या नवऱ्याने डोळे मिटूनच तीन बोटं वर केली.

सर्जनने तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही, तीन दिवस असं लिहून घेतलं आणि निघून गेला. पण तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सव्वीस वर्षं एका छपराखाली काढली, मुलीचं लग्न लावलं, आणि शेजारी झोपणाऱ्या माणसाच्या पोटात तीन दिवस काय चाललंय याचा बायकोला पत्ता नाही. अकरा दिवस तिने त्याचं सगळं केलं. पेज भरवली, अंग पुसलं, उशाशी बसून पेपर वाचून दाखवला. राग मात्र गेला नाही. तो आत कुठेतरी घडी घालून ठेवल्यासारखा राहिला.

पोटाचे स्नायू परत धडधाकट व्हावेत म्हणून डॉक्टरांनी त्याला पाण्यात चालायला सांगितलं. तो पोहण्याच्या तलावात छातीएवढ्या पाण्यात येरझाऱ्या घालायचा आणि ती काठावरच्या बाकावर पर्स मांडीवर घेऊन बसायची. तिला पाण्याची भीती. लहानपणापासूनची. केस धुतानाही मान मागे टाकून धुणार, तोंडावर पाणी म्हणून येऊ द्यायची नाही. तर त्या बाकामागच्या फलकावर एक कागद लावलेला होता. स्कूबा डायव्हिंग शिका. दुसरं काही वाचायला नव्हतं म्हणून तिने तो वाचला.

त्यात लिहिलं होतं, पाण्याखाली कोणी एकटं जायचं नाही. प्रत्येकाला एक जोडीदार असेल. दर थोड्या वेळाने जोडीदाराला विचारायचं, ठीक ना? त्याने खरं उत्तर द्यायचं. सिलिंडरच्या हवेचा काटा दोनशेवरून शंभरावर आला की जोडीदाराला सांगायचं. सांगितलंच पाहिजे.

'सांगितलंच पाहिजे' हे शब्द तिने तीनदा वाचले. जे सव्वीस वर्षांत रडून, भांडून, अबोला धरून झालं नाही ते इथे नियमात छापलेलं होतं. आणि तिचा नवरा नियमाचा पक्का. सहा माणसांच्या लिफ्टमध्ये सातवे म्हणून खुद्द व्याह्यांना याने जिन्याने पाठवलं होतं. तिने तिथल्या तिथे जाऊन दोघांची नावं घातली.

त्याला तिने खरं कारण सांगितलं नाही. "तुम्हाला जरा बदल," एवढंच म्हणाली. मुलीला फोनवर कळलं तेव्हा ती किंचाळली, "आई, तू बादलीत तोंड घालत नाहीस!"

"समुद्रात बादली नसते," ती म्हणाली आणि फोन ठेवला. ठेवल्यावर तिने न्हाणीतली बादली पालथी घालून ठेवली.

शिकवणारी बाई तिशीची, केस अगदी बारीक कापलेले, आवाज असा की वर्ग चिडीचूप व्हावा. नवऱ्याने पहिल्याच दिवशी तिचं नाव हेडबाई ठेवलं. तलावामागच्या खोलीत प्लास्टिकच्या खुर्च्यांवर दोघं बसायची आणि हेडबाई फळ्यासमोर येरझाऱ्या घालत शिकवायची.

"पहिला नियम. श्वास कधीही रोखायचा नाही. घ्यायचा, सोडायचा, घ्यायचा, सोडायचा. हवा वाचवायला म्हणून कोणी शहाणपणा केला तर मी त्याला काठावर बसवेन. दुसरा नियम. खाली बोलता येत नाही, म्हणून हाताने बोलायचं."

अंगठा आणि शेजारचं बोट जुळवून गोल केला की ठीक. पंजा आडवा धरून डुलवला की काहीतरी बिनसलंय, आणि मग काय ते बोटाने दाखवायचं. कान, गुडघा, काच, छाती, जे असेल ते. अंगठा वर केला की वर जायचं, तिथे का म्हणून विचारायचं नाही. नवऱ्याने सगळं वहीत चित्रं काढून उतरवून घेतलं. ती बघत राहिली. वहीत तर उतरतंय, माणसात उतरतं का बघू, असं तिच्या मनात आलं.

घरी दोघांनी सराव मांडला. नाकाने श्वास घ्यायची खोड मोडायला हवी म्हणून संध्याकाळी नाकाला कपड्यांचे चिमटे लावून टीव्हीसमोर बसायचं. एकदा शेजारच्या काकू इस्त्री परत द्यायला आल्या. हिने चिमट्यासकट दार उघडलं, मागे सोफ्यावर हाही चिमट्यासकट. काकूंनी इस्त्री दारातच ठेवली आणि "सावकाश करा, मी नंतर येते," म्हणून काढता पाय घेतला. त्यानंतर आठवडाभर काकू जिन्यात भेटल्या की नजर चुकवायच्या. दोघं इतकी हसली की तो पोटावरच्या टाक्यांच्या व्रणाला हात लावून बसला. "दुखतंय का?" तिने विचारलं. "छे, उत्तम," तो म्हणाला. तिचं हसू तिथेच ओसरलं.

तलावात पहिल्या दिवशी कमरेएवढ्या पाण्यात गुडघे टेकून तोंड बुडवायचं होतं. ती अकरा वेळा ताडकन उभी राहिली. मास्क चढवलेला, तोंडात नळी, पाठीवर सिलिंडर, हवा येते आहे हे डोक्याला कळतंय, पण तोंडावर पाणी आलं की पाय आपोआप सरळ. अकरा वेळा तो तिच्याबरोबर उभा राहिला. बाराव्यांदा त्याने पाण्याखाली तिची दोन्ही मनगटं धरली, आणि ती खाली राहिली. स्वतःच्या श्वासाचे बुडबुडे कानाशेजारून वर जाताना तिने ऐकले. वर आली तेव्हा तिला रडू फुटलं होतं, आणि मास्कमध्ये आतून पाणी साचल्यामुळे हेडबाईंना वाटलं मास्क गळतो आहे.

त्याचा मास्क मात्र खरंच गळत होता. नाकातोंडात पाणी जायचं, डोळे लालबुंद व्हायचे, आणि हेडबाईंनी विचारलं की याचा गोल तयार. ठीक. खोकत खोकत ठीक.

"काका, तुमच्या हाताला एकच खूण येते का हो?" हेडबाई एकदा वैतागून म्हणाली.

आणखी एक अडचण होती. त्याला जवळचं दिसत नाही, चष्म्याशिवाय काट्यावरचे आकडे म्हणजे मुंग्या. मास्कमध्ये चष्मा कसा घालणार? हे काम तिचं. तिने दुकानात बसून दोन छोट्या चकत्या घासल्या आणि मास्कच्या काचेला आतून, खालच्या बाजूला चिकटवल्या. मालकांनी विचारलं हे काय, तर म्हणाली, मला डायव्हिंगचं कार्ड मिळालं की दाखवायला आणते, तुमच्या काउंटरच्या काचेखाली ठेवू. ती अशी बढाया मारणारी बाई नव्हे. पण त्या दिवशी मारली.

समुद्रातल्या तीन बुड्या पार पडल्या की कार्ड. त्यासाठी दोघांनी दोन दिवसांची रजा काढली. किनाऱ्यावरच्या एका लॉजमध्ये खोली घेतली आणि सकाळी हेडबाईच्या नावेत जाऊन बसली. पहिली बुडी जेमतेम पाच मीटर, दोराला धरून खाली आणि दोराला धरून वर. तिचं धाबं दणाणलं होतं, पण झाली. त्याने गोल केला, तिने गोल केला, हेडबाईंनी वहीत खूण केली.

दुसऱ्या बुडीत तिला काय झालं कोण जाणे, भीती सुटलीच. तळाशी, वाळूत, एक चपटा मासा अंग पुरून बसला होता आणि त्याचे फक्त दोन डोळे वर. दोन्ही एकाच बाजूला. जन्मभर डोळ्यांचं काम केलेली बाई, हिला असे डोळे कोणी दाखवले नव्हते. ती वाळूवर आडवी तरंगत त्याच्याकडे बघत राहिली. मासा सरकला की ती सरके. मध्येच तिला जोडीदाराची आठवण व्हायची, मग मान वळवून विचारायची, ठीक ना? त्याचा गोल. परत मासा. परत विचारलं. परत गोल. चौथ्यांदा विचारताना मात्र तिचं लक्ष त्याच्या बुडबुड्यांकडे गेलं. तिचे बुडबुडे अखंड वर चालले होते. त्याचे येत नव्हते. मग एकदम भसकन आले. मग परत नाहीत.

ती त्याच्याजवळ गेली आणि तिने त्याचा काटा मागितला. त्याने काटा पोटाशी धरला. तिने ओढला. काटा चाळिसावर होता.

हेडबाईंनी दोघांना वर नेलं. नावेत बसल्यावर त्याने डोकं दोन्ही हातांत धरलं, कारण श्वास रोखून रोखून ते ठणकत होतं. हेडबाई त्याच्यासमोर उभी राहिली. त्या दिवशी ती ओरडली नाही, तेच वाईट होतं.

"शंभरावर सांगायचं होतं. नाही सांगितलं. श्वास रोखायचा नव्हता. रोखलात. काका, ही बुडी मी धरणार नाही. आणि उद्या याच जोडीदाराबरोबर जायचं की नाही, हे यांनी ठरवायचं." तिने बायकोकडे बोट केलं. "त्यांना भरवसा वाटला तर या. नाहीतर नका येऊ."

लॉजच्या खोलीत दोन कॉट, एक टेबल आणि वाळत घातलेले ओले कपडे. दुपारचं ऊन खिडकीतून आत येत होतं. तो कॉटवर बसला आणि म्हणाला, "जरा जास्तच बोलली ती."

आणि वर्षभर घडी घालून ठेवलेला राग उलगडला.

"कमी बोलली! मी असते तर नावेतून ढकलून दिलं असतं. दिसलं नाही म्हणू नका, त्या काचा मी स्वतः घासल्यात, तुम्हाला आकडा लख्ख दिसतो. चार वेळा विचारलं मी. चार वेळा! हात तुटला असता का खरं सांगितलं असतं तर?"

"तू इतकी खुश होतीस," तो म्हणाला. "मी सांगितलं असतं तर वर यावं लागलं असतं. अगं, इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तू घाबरली नव्हतीस. म्हटलं, होऊ दे तिची मजा."

"तुमचा श्वास कोंडून मला मजा? अशी मजा मला नको! चुलीत घाला ती मजा!" तिचा आवाज चढला. "मी इथे कशाला आले माहितीय? मासे बघायला? मला पाण्याची भीती वाटते हो! अजून वाटते. मी आले कारण त्या कागदावर लिहिलं होतं की जोडीदाराला सांगितलंच पाहिजे. म्हटलं, मला नाही तर नाही, नियमाला तरी सांगतील. त्या दिवशी सर्जनसमोर तुम्ही तीन बोटं वर केलीत ना, ती अजून माझ्या डोळ्यांसमोरून जात नाहीत."

मग तो हळूहळू बोलायला लागला, आणि सवयीप्रमाणे लिफ्टवरूनच.

"लिफ्ट अडकली की आत माणसं असतात. मी दाराबाहेर पोचलो की पहिलं काय करतो? आत हाक मारतो, 'काही नाही, दोन मिनिटं फक्त!' दोन मिनिटांत काही होत नाही. कधी तास लागतो. कधी मलाच कळलेलं नसतं काय बिघडलंय. पण दोन मिनिटं म्हटलं की आतली माणसं शांत होतात. रडणारी मुलं थांबतात. तीस वर्षं हेच करतोय मी. आता हे तोंडात बसलंय."

"मी लिफ्टमध्ये अडकलेली नाही," ती म्हणाली. "मी तुमच्या शेजारी बाहेर उभी आहे. दोर ओढायला. मला कशाला खोटं सांगता?"

त्याने तिच्या डाव्या हाताकडे पाहिलं. मग म्हणाला, "एकदा सांगितलं होतं. पोरगी लहान होती. कंपनी माणसं कमी करणार होती, त्यात माझं नाव असेल असं मी तुला सांगितलं. तू तीन दिवस जेवली नाहीस. दुकानात भिंग घासताना बोट कापून घेतलंस. नाव नव्हतंच यादीत. तेव्हा ठरवलं, हिला नाही सांगायचं."

ती विसरून गेली होती. आता तिला आठवलं, आणि डाव्या हाताच्या बोटावरची ती पांढरी रेघ दिसली, जी तिने कित्येक वर्षांत पाहिली नव्हती. आपल्यालाच बोल लावायचा तर जीभ जड होते. पण ती प्रामाणिक बाई होती.

"म्हणजे निम्मा दोष माझा," ती म्हणाली.

"निम्मा नाही. पाव," तो घाईघाईने म्हणाला.

"आता त्यातही मला सूट देऊ नका!" तिला हसू आलं, आणि रडूही. तिने नाक पुसलं. "बरं. उद्या मी येते. पण ऐका. तुम्ही सांगायचं आणि मी कोलमडायचं नाही. तुम्हाला तुमचं जमलं नाही किंवा मला माझं जमलं नाही, तर हा नाद सोडायचा आणि घरी जाऊन नाकाला चिमटे लावून टीव्ही बघायचा."

दुसऱ्या दिवशी सकाळी हेडबाईंनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि दोन सिलिंडर पुढे सरकवले. "आज दोन बुड्या," ती म्हणाली. "दहा मीटरवर एक बुडालेली होडी आहे. लाकडी, जुनी. तिच्या पोटात माशांचं अख्खं गाव वसलंय. तुम्हाला आवडेल."

दोराला धरून दोघं उतरायला लागली. तीन मीटरवर तिने विचारलं, ठीक ना? त्याचा हात सवयीने वर आला, बोटं जुळायला निघाली, आणि मध्येच थांबली. मग पंजा आडवा झाला आणि डुलला. त्याने कान दाखवला. ती त्याला घेऊन हातभर वर आली. त्याने नाक दाबून कान मोकळा केला. ठीक. परत खाली.

एकदा तोंड फुटलं म्हटल्यावर मग काय विचारता! धरण फुटलं. दोन मिनिटांनी पंजा डुलला, पट्टा काचतोय. तिने सैल केला. परत डुलला, डाव्या पायात गोळा. तिने पोटरी चोळली. परत डुलला, मास्कमध्ये पाणी. परत डुलला, थंडी वाजतेय. हेडबाई पलीकडे हाताची घडी घालून तरंगत होती आणि तिच्या नळीतून बुडबुडे असे फुटत होते की बाई हसत असावी. सव्वीस वर्षांची तक्रारींची थकबाकी हा माणूस दहा मीटर पाण्याखाली चुकती करत होता, आणि ती एकेक तक्रार दागिन्यासारखी घेत होती.

मग समोर होडी दिसायला लागली. आधी नुसती सावली, मग तिची कड, मग तिच्या फळ्यांमधून सरसर आतबाहेर करणारं काहीतरी चांदीसारखं. अजून पंधरावीस हात. तिचे पाय आपोआप जोरात हलायला लागले. तेवढ्यात तिच्या दंडाला हात लागला.

तिने वळून पाहिलं. त्याने काटा तिच्यासमोर धरला होता. शंभर. दुसऱ्या हाताचा पंजा आडवा होऊन डुलत होता, आणि मग तो पंजा छातीवर गेला. तिथेच राहिला.

छातीत दुखत नव्हतं. ते तिला लगेच कळलं. तो घाबरला होता. वर पाणी, खाली पाणी, चारी बाजूंना निळं, ओरडायला तोंड नाही, आणि मनाने हाय खाल्ली होती. भराभर श्वास चालला होता. मास्कमधून त्याचे डोळे तिच्याकडे बघत होते, तिने बसवलेल्या भिंगांमुळे आहेत त्याहून मोठे. पण ती भिंगाचं काम करणारी बाई. भिंगाने डोळा किती मोठा दिसतो हे तिला ठाऊक होतं. त्याहून जास्त जे दिसत होतं ते सगळं भय होतं. हा माणूस घाबरतो, हे तिने आज पहिल्यांदा पाहिलं. पोरगी तापाने फणफणली तेव्हा, बायकोची आई गेली तेव्हा, स्वतः स्ट्रेचरवर पडला तेव्हासुद्धा, घाबरला असणारच. तिला दिसू दिलं नव्हतं एवढंच.

आणि आता तो तिच्याकडे बघत होता. ती कोलमडते का, हेच बघत होता.

तिलाही पाय सरळ करून ताडकन उभं राहावं असं वाटलं, पण उभं राहायला जमीन नव्हती. तिने त्याच्या छातीवरचे दोन्ही पट्टे धरले आणि त्याला आपल्यासमोर आणलं, काचेला काच लागेल इतकं जवळ. मग एक हात सोडवून तिने त्याच्या डोळ्यांसमोर बोट धरलं. बोट हळूहळू वर, घ्या. बोट हळूहळू खाली, सोडा. वर. खाली. लहान मुलीला भरवताना आपणच आ करावं तसा तीही त्याच्याबरोबर श्वास घेत होती, सोडत होती. बुडबुडे दोघांच्या मधून एकत्र वर चालले. किती वेळ गेला कोण जाणे. त्याचा श्वास लांब झाला. छातीवरचा हात खाली आला आणि तिच्या मनगटावर बसला.

तिने एकदा होडीकडे पाहिलं. मग त्याला विचारलं, अंगठा वर करून. वर? त्याने लगेच, अगदी लगेच, अंगठा वर केला. हेडबाई शेजारी आली होती, तिने मान हलवली. तिघं दोराला धरून सावकाश वर निघाली आणि होडी खाली निळ्यात विरघळली.

वर आल्यावर दोघांनी अंगावरच्या फुगणाऱ्या जाकिटात हवा भरली आणि नावेची वाट बघत लाटांवर डुलत राहिली. त्याने तोंडातली नळी काढली.

"घाबरलो होतो गं," तो म्हणाला. "खूप घाबरलो होतो."

"दिसलं."

"तू नाही घाबरलीस?"

"घाबरले तर! पण दोघांनी एकदम घाबरून कसं चालेल? आता तुमची पाळी होती. पुढच्या वेळी माझी."

तो हसला, त्याच्या तोंडात खारं पाणी गेलं, तो खोकला, आणि खोकताना तिचा हात सोडला नाही. तिला त्याच्यावर इतकी माया आली की समुद्राच्या मधोमध, हेडबाईंच्या देखत, तिने त्याच्या मास्कवरच ओठ टेकले.

नावेत हेडबाईंनी वही काढली आणि खूण केली. "ही बुडी मी धरते. होडीपर्यंत नाही पोचलात, पण धरते," ती म्हणाली. "तासभर विश्रांती घ्या. मग तिसरी. परत तिथेच, होडीकडे. ती झाली की कार्ड हातात."

बायकोचे डोळे चमकले. ती लपवू शकली नाही. चांदीसारखं काहीतरी हललं होतं त्या फळ्यांमधून, ते काय होतं हे तिला बघायचं होतं. रजा आज संपत होती, पुन्हा यायला निदान चार महिने लागले असते, दुकानात सगळे कार्डाची वाट बघत होते. हे सगळं तिच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं, आणि तिचा नवरा ते वाचत होता. याहून कमी वाचून हा माणूस आजवर चौदा चौदा मजले चढून गेला होता.

"काय हो?" तिने विचारलं. "जायचं?"

त्याने टॉवेल खांद्यावर ओढून घेतला. मग तिच्याकडे वळला.

"आज नको," तो म्हणाला. "मला आज नाही जमणार."

होडी राहिली याचं तिला वाईट वाटलं. कार्ड राहिलं याचंही वाटलं, खोटं कशाला बोला. पण सव्वीस वर्षांत या माणसाने स्वतःसाठी नाही म्हटलेलं तिने कधी ऐकलं नव्हतं, आणि ते ऐकताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"ऐकलंत का?" ती हेडबाईंना म्हणाली. "आज आमचं एवढंच. यांना नाही जमणार म्हणतायत." आणि हे सांगताना तिचा आवाज असा काही ताठ होता, की कोणाला वाटावं नवऱ्याने मोठं बक्षीसच मिळवलंय.